देश कूस बदलतो तेव्हा: माजी वसाहतीच्या परराष्ट्र धोरणाचं वळण कागदावर कसं मांडायचं

स्पर्धा परीक्षेची उत्तरपत्रिका असो की रविवारची पुरवणी, भारताच्या परराष्ट्र धोरणाची गोष्ट चार ओळींत उरकली जाते: आधी अलिप्तता, मग सोव्हिएत मैत्री, १९९१ नंतर अमेरिका, आता सगळ्यांशी दोस्ती. यातली एकही ओळ खोटी नाही. पण १९८३ साली भारत नक्की कुणाच्या बाजूला होता असं विचारलं, तर या चार ओळींतून उत्तर निघत नाही. त्या वर्षी डिसेंबरात माझगाव डॉकमध्ये बांधलेली ‘गोदावरी’ नौदलात दाखल झाली. तिच्या सांगाड्याची आणि वाफेच्या यंत्रांची घडण ब्रिटिश वळणाची, क्षेपणास्त्रं सोव्हिएत, युद्धसंचालनाची यंत्रणा इटालियन, डेकवरचं सी किंग हेलिकॉप्टर पुन्हा ब्रिटिश. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत म्हणतात. इथे एका जहाजात तीन देश नांदत होते.

अशा गुंत्याची नीट नोंद करायची रीत पुढे दिली आहे. राज्यशास्त्राचे विद्यार्थी, यूपीएससी-एमपीएससीवाले, पत्रकार, वादसभेची तयारी करणारे, कुणालाही ती वापरता येईल. रोज दोन तास दिले तर एका देशाचं काम तीन-चार आठवड्यांत होतं. एक मोठी वही किंवा एक्सेलची शीट पुरते. उदाहरणं मुख्यतः भारताची आणि त्यातही मुंबईच्या आसपासची घेतली आहेत, कारण या धोरणाचे बरेचसे लोखंडी पुरावे याच किनाऱ्यावर उभे आहेत.

आधी प्रश्न आवळून घ्या

‘भारताचं परराष्ट्र धोरण कसं बदललं?’ हा प्रश्न घेऊन बसलात तर सहा महिन्यांनीही टिपणंच काढत राहाल. प्रश्नात एक देश, दोन (फार तर तीन) मोठ्या सत्ता आणि दोन टोकांची सालं हवीत. ‘१९४७ ते १९७५ या काळात भारत ब्रिटनकडून सोव्हिएत संघाकडे किती आणि कशात सरकला?’ हा कामाचा प्रश्न. त्यातला ‘कशात’ काढू नका, पुढची सगळी मेहनत त्या एका शब्दासाठी आहे.

कालावधी पंचवीस वर्षांपेक्षा कमी धरू नका. भाषण एका दिवसात बदलतं, सरकार पाच वर्षांत, पण पाणबुडी तीस वर्षं चालते. आणि सुरुवात स्वातंत्र्याच्या तारखेपासून करू नका, निदान दहा वर्षं मागे जा. वसाहतीलाही स्वतःचे शेजारसंबंध असतात. एडनचा कारभार १९३२ पर्यंत मुंबई इलाख्यातून चालत होता. आखाती देशांत भारतीय रुपया इतका रुळला होता की रिझर्व्ह बँकेने १९५९ मध्ये खास तिथल्यासाठी वेगळ्या नोटा काढल्या. कुवेतने तो रुपया १९६१ मध्ये सोडला. मुंबई आणि आखाताचं हे नातं दिल्लीच्या धोरणाआधीचं आहे. त्याचे जुने कागद काळा घोड्याजवळ, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या महाराष्ट्र पुराभिलेखागारात पाहायला मिळतात.

मागील पानावरून पुढे: शिलकी यादी

दुकानदार नव्या वहीत पहिल्यांदा मागची शिलक उतरवतो. तसंच इथे. गोरा साहेब गेला त्या दिवशी मागे काय काय ठेवून गेला, त्याची यादी करा आणि प्रत्येक बाबीपुढे दोन रकाने ठेवा: ‘सुटली केव्हा’ आणि ‘कशामुळे सुटली’.

भारताच्या यादीत सर्वात आधी सेनाप्रमुख येतात. लष्कराला पहिला भारतीय प्रमुख १५ जानेवारी १९४९ ला मिळाला, हवाई दलाला १ एप्रिल १९५४ ला आणि नौदलाला थेट एप्रिल १९५८ मध्ये. देश एकच, पण तिन्ही दलांच्या तारखांत नऊ वर्षांचं अंतर. कारण सरळ आहे. पायदळाचे अधिकारी तयार होते. जहाजं मात्र ब्रिटनमधून यायची, त्यांचे सुटे भाग तिथूनच, दुरुस्तीची पुस्तकंही तिथलीच, आणि वरिष्ठ पदावर पोचलेले भारतीय नौदल अधिकारी मोजके. ज्या दलात यंत्र जास्त, तिथे जुना धनी जास्त काळ टिकतो. हा नियम दुसऱ्या देशांनाही लावून पाहा, बहुतेक ठिकाणी लागू पडतो.

मग चलन, मग तेल कंपन्या, मग राजमुकुटाशी असलेलं नातं. २६ जानेवारी १९५० ला आपण प्रजासत्ताक झालो खरे, पण त्याआधीच एप्रिल १९४९ च्या लंडन जाहीरनाम्याने प्रजासत्ताक असूनही राष्ट्रकुलात राहण्याची सोय करून घेतली होती. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. पिळाचा एकेक वेढा कधी सुटला ते या यादीत लिहायचं.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे सगळ्या बाबींपुढे ‘१९४७’ लिहून मोकळं होणं. यादीतल्या निम्म्या बाबींपुढे त्यानंतरची तारीख आली नाही, तर शोध अपुरा आहे असं समजा.

सहा रकाने आणि प्रत्येक नोंदीला तीन तारखा

आता मुख्य वही. रकाने असे: करार, शस्त्रं, पैसा, इंधन-धान्य, मतदान, माणसं. प्रत्येक नोंदीला तीन तारखा हव्यात: बोलणी कधी लागली, सही कधी झाली, माल किंवा परिणाम प्रत्यक्ष कधी दिसला. तिसरी तारीख शोधायला सर्वात जास्त वेळ जातो आणि बहुतेक लोक ती सोडून देतात.

करारांपासून सुरू करा, कारण ते सर्वात सोपे आणि सर्वात फसवे. मथळा वाचून थांबू नका. ‘मैत्री’, ‘शांतता’, ‘सहकार्य’ हे शब्द प्रत्येक करारात हळदी-कुंकवासारखे असतातच. क्रियापद शोधा. ९ ऑगस्ट १९७१ च्या भारत-सोव्हिएत करारातलं नववं कलम काढा. हल्ला झाला किंवा हल्ल्याचा धोका निर्माण झाला तर दोन्ही बाजूंनी ताबडतोब सल्लामसलत करायची आणि योग्य ते उपाय योजायचे, असं ते म्हणतं. धावून येऊन लढायचं, असं कुठेही म्हणत नाही. तरीही त्या वर्षी तेवढं कलम पुरेसं होतं. जानेवारी १९९३ मध्ये रशियाशी नवा करार झाला, त्यातून हे कलम गळलं. मथळ्यात मैत्री होतीच. मथळेच वाचणाऱ्याला १९७१ आणि १९९३ मध्ये फरक दिसणार नाही.

उलट बाजूला अमेरिकेशी झालेले चार मूलभूत करार पाहा: २००२ मध्ये लष्करी माहितीच्या गुप्ततेचा, २०१६ मध्ये रसद-पुरवठ्याचा, २०१८ मध्ये संदेशवहनाचा, २०२० मध्ये नकाशे आणि भूस्थानिक माहितीचा. एकातही युतीचं नाव नाही, सगळी कारकुनी भाषा. पण कुणाचं जहाज कुणाच्या गोदीत इंधन भरू शकतं, कुणाचा रेडिओ कुणाशी बोलू शकतो, हे याच कारकुनीने ठरतं. कराराचा मजकूर रटाळ असेल तर तो लक्ष देऊन वाचा, असा साधा ठोकताळा ठेवा.

भारतापुरतं आणखी एक ध्यानात असू द्या. आपल्याकडे आंतरराष्ट्रीय करार मंत्रिमंडळ मंजूर करतं, संसदेची संमती बंधनकारक नाही. त्यामुळे संसदेतलं मतदान शोधत बसू नका. लोकसभा-राज्यसभेतले प्रश्न आणि त्यांची लेखी उत्तरं शोधा. फिलिपिन्ससारख्या देशात उलटं आहे, तिथे सिनेटचं मत हीच निर्णायक तारीख.

शस्त्रं: माझगावच्या धक्क्यावरून दिसणारा इतिहास

या रकान्याला सर्वात जास्त वेळ द्या. देशाचं वळण पक्कं झालं की नाही हे इथे कळतं, कारण एकदा घेतलेलं शस्त्र दारूगोळा, सुटे भाग, तंत्रज्ञ आणि दर काही वर्षांनी होणारी मोठी दुरुस्ती, असं सगळं वऱ्हाड घेऊन येतं.

सरावाला माझगाव डॉक एवढंच घ्या. सरकारने ही गोदी १९६० मध्ये ताब्यात घेतली. इथे बांधलेली पहिली मोठी युद्धनौका ‘निलगिरी’ जून १९७२ मध्ये दाखल झाली. तिचा आराखडा ब्रिटिश लिअँडर वर्गाचा. ही तारीख नीट पाहा. सोव्हिएत करार होऊन दहा महिने झालेत, डिसेंबर १९७१ मध्ये सोव्हिएत बनावटीच्या क्षेपणास्त्र नौकांनी कराचीवर हल्ला करून झालाय, आणि मुंबईच्या गोदीतून बाहेर पडतेय ब्रिटिश आराखड्याची नौका. धोरण उलटसुलट होतं असा याचा अर्थ नाही. ही नौका मागच्या दशकातल्या निर्णयाचं फळ होती. पुढे ‘गोदावरी’त दोन्ही धागे एकत्र विणले गेले.

पाणबुड्यांची रांग आणखी बोलकी आहे. पहिल्या पाणबुड्या ब्रिटनकडून घ्यायचा विचार होता. तिथे मनाजोगतं जमेना, म्हणून सोव्हिएत संघाशी सौदा झाला आणि पहिली ‘कलवरी’ डिसेंबर १९६७ मध्ये नौदलात दाखल झाली. १९८१ मध्ये पश्चिम जर्मनीशी करार झाला. त्यातली मुंबईत बांधलेली ‘शाल्की’ १९९२ मध्ये आणि ‘शंकुल’ १९९४ मध्ये दाखल झाली. मग फ्रान्सशी २००५ मध्ये सहा स्कॉर्पीन पाणबुड्यांचा करार. पहिली, म्हणजे नवी ‘कलवरी’, डिसेंबर २०१७ मध्ये आणि सहावी ‘वागशीर’ १५ जानेवारी २०२५ ला. ‘शंकुल’ आणि नवी ‘कलवरी’ यांच्यात तेवीस वर्षं. एवढ्या काळात जर्मन पद्धतीने पाणबुडीचं पोलाद जोडायला शिकलेले कारागीर निवृत्त झाले आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून शिकावं लागलं. पुरवठादार बदलण्याची किंमत करारात कुठेच लिहिलेली नसते, ती अशा रिकाम्या वर्षांत सापडते.

याच गोदीने २०२३ मध्ये अमेरिकी नौदलाशी जहाज-दुरुस्तीचा करार केला. एका धक्क्यावर साठ वर्षांत ब्रिटन, सोव्हिएत संघ, जर्मनी, फ्रान्स आणि अमेरिका, असे पाच जण हजेरी लावून गेले. (गोदी बाहेरून बघायला जाणार असाल तर कॅमेरा घरी ठेवा. माझगाव डॉक, नौदल गोदी आणि ट्रॉम्बेचा अणुकेंद्र परिसर, तिन्ही ठिकाणी फोटो काढायला मनाई आहे आणि मोबाइल उगारला तरी सुरक्षारक्षक हटकतात.)

आकडेवारीसाठी स्टॉकहोमच्या सिप्री संस्थेचा शस्त्र-हस्तांतराचा संच वापरा. तो फुकट आहे आणि १९५० पासूनचा आहे. वापरताना तीन गोष्टींवर लोक घसरतात. पहिली, त्यातला आकडा म्हणजे किंमत नव्हे; शस्त्राच्या लष्करी ताकदीला दिलेलं ते एक माप आहे, त्यामुळे त्यापुढे डॉलर किंवा कोटी लिहू नका. दुसरी, मोजणी माल पोचल्यावर होते, सही झाल्यावर नाही. तिसरी, परवाना घेऊन इथे बनवलेला मालही मूळ देशाच्या खात्यात जातो. ओझरला जोडलेलं सुखोई विमान तिथे रशियाचं, आणि माझगावची स्कॉर्पीन फ्रान्सची. एकेका वर्षाचे आकडे उड्या मारतात, म्हणून पाच वर्षांचे गट करा. भारताच्या शस्त्र-आयातीत रशियाचा वाटा २०१०-१४ मध्ये ७२ टक्के, २०१५-१९ मध्ये ५५ टक्के आणि २०२०-२४ मध्ये ३६ टक्के, असा उतार त्यामुळे स्वच्छ दिसतो.

मात्र वाटा कमी झाला म्हणजे अवलंबन तेवढं कमी झालं, असं लिहू नका. आयात हा या वर्षीचा बाजार आहे, अवलंबन हा घरात आधीच भरलेला संसार. मिग-२१ चा सौदा १९६२ चा. शेवटची विमानं २६ सप्टेंबर २०२५ ला निरोप घेऊन गेली. मधल्या काळात ज्या देशाशी सौदा केला तो देशच नकाशावरून नाहीसा झाला, तरी विमान उडत होतं.

पैसा: चलनाची दावण

हा रकाना बहुतेक जण भरतच नाहीत, कारण तो रुक्ष वाटतो. आमच्या मते माजी वसाहतीच्या बाबतीत हा सर्वात प्रामाणिक रकाना आहे. झेंडा एका रात्रीत बदलता येतो, चलन कुणाला बांधलंय ते नाही.

स्वातंत्र्याच्या वेळी भारताचे सुमारे ११६ कोटी पौंड लंडनमध्ये जमा होते, महायुद्धात इथला माल आणि माणसं वापरल्याच्या हिशेबातले. पैसे आपले, पण काढायचे ब्रिटनशी ठरवून, हप्त्याहप्त्याने. सप्टेंबर १९४९ मध्ये ब्रिटनने पौंडाचं अवमूल्यन केलं आणि भारताने लगोलग रुपयाचं ३०.५ टक्के केलं. पौंडाशी रुपयाची गाठ सुटली ती २५ सप्टेंबर १९७५ ला, म्हणजे स्वातंत्र्यानंतर अठ्ठावीस वर्षांनी. करारांचा रकाना १९७१ मध्येच मॉस्कोकडे झुकलेला दिसतो आणि पैशाचा रकाना अजून लंडनच्या दावणीला. दोन्ही एकाच वेळी खरं होतं.

दुसरी दावण रुपया-रुबलची. १९५३ च्या व्यापार करारापासून सोव्हिएत संघाशी रुपयात देवाणघेवाण सुरू झाली. परकीय चलनाची चणचण असलेल्या देशाला ही सोय मोठी होती. पण रुपयात मिळालेले पैसे भारतातच खर्च करावे लागत, त्यामुळे चहा, चामडं, कापड, औषधं यांची एक आख्खी निर्यात त्या बाजारासाठी उभी राहिली. सोव्हिएत संघ कोसळला तेव्हा तो बाजारही कोसळला. नोंद करताना पैशाबरोबर कुठल्या उद्योगाची रोजीरोटी त्या देशाला बांधली गेली तेही लिहा. सरकारला मागे वळायला भाग पाडणारा पहिला दबाव तिथून येतो.

जुनी अडचण नव्याने कशी उगवते पाहा. जुलै २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने रुपयात आंतरराष्ट्रीय व्यवहारांची सोय केली. रशियाकडून तेल प्रचंड घेतलं गेलं, पण त्या बदल्यात घेण्याजोगा माल आपल्याकडे तेवढा नव्हता. मे २०२३ मध्ये गोव्यात रशियाच्या परराष्ट्रमंत्र्यांनी उघड सांगितलं की भारतीय बँकांत त्यांचे अब्जावधी रुपये पडून आहेत आणि ते वापरता येत नाहीत. १९५३ नंतरच्या फायली वाचलेल्याला यात नवल वाटणार नाही.

इंधन आणि धान्य

ट्रॉम्बेला जा, किंवा चेंबूर-माहुलच्या रहिवाशाला विचारा. तिथल्या दोन्ही रिफायनऱ्या १९५० च्या दशकात परदेशी कंपन्यांनी उभारल्या: एक अमेरिकी स्टॅनव्हॅकची, नंतरची एस्सो, आणि दुसरी बर्मा-शेलची. १९६० मध्ये सोव्हिएत संघाने स्वस्तात कच्चं तेल देऊ केलं, तर या कंपन्यांनी ते शुद्ध करायला नकार दिला. दिल्लीची इच्छा होती, विकणारा तयार होता, पण नळ तिसऱ्याच्या हातात होता. एस्सो १९७४ मध्ये आणि बर्मा-शेल १९७६ मध्ये सरकारकडे आल्या, आणि दरम्यान फेब्रुवारी १९७४ मध्ये बॉम्बे हायला तेल लागलं. त्या जागेचा सुगावा साठच्या दशकात सोव्हिएत सर्वेक्षण जहाजाने लावला होता, पण विहीर खोदली ती जपानमध्ये बांधलेल्या ‘सागर सम्राट’ने.

अणुइंधनाचा प्रवास पाहायचा तर तारापूर. १९६३ च्या करारानुसार अमेरिकेने अणुभट्ट्या दिल्या, वीजनिर्मिती १९६९ मध्ये सुरू झाली. १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर आणि १९७८ च्या अण्वस्त्रप्रसार रोखणाऱ्या अमेरिकी कायद्यानंतर इंधन अडलं. १९८२ मध्ये फ्रान्स पुढे आला, १९९५ मध्ये चीनकडून इंधन आलं, २००१ मध्ये रशियाकडून. चीनचं नाव वाचून बरेच जण दचकतात. दचकू नका, नोंद करा.

धान्याचं थोडक्यात: १९५६ पासून पीएल-४८० या अमेरिकेच्या अन्न-मदत कायद्याखाली अमेरिकी गहू आला, १९६५-६६ च्या दुष्काळात तो मुद्दाम तुटक तुटक सोडला गेला, आणि १९७४ मध्ये अमेरिकेने त्या गव्हापोटी जमा झालेले १,६६४ कोटी रुपये भारताला सोडून दिले.

मतदान: सर्वात सोपा रकाना, म्हणून सर्वात कमी भरवशाचा

संयुक्त राष्ट्रांची मतं त्यांच्या डिजिटल ग्रंथालयात ठरावाच्या क्रमांकाने मिळतात. तटस्थ राहणं आणि गैरहजर राहणं वेगवेगळं लिहा. मतामागचं स्पष्टीकरण वाचल्याशिवाय मत उतरवू नका.

४ नोव्हेंबर १९५६ ला हंगेरीवरच्या ठरावावर भारत तटस्थ. जानेवारी १९८० मध्ये अफगाणिस्तानवर ठराव १०४ विरुद्ध १८ असा मंजूर झाला, भारत तटस्थ. मार्च २०२२ मध्ये युक्रेनवर १४१ विरुद्ध ५; भारत तटस्थ. सहासष्ट वर्षं तोच हात त्याच जागी. नुसतं मतदान बघितलं तर भारत हललाच नाही असं वाटेल, आणि बाकीचे पाच रकाने तर पूर्ण उलटेपालटे झालेत. सवयीची मतं वळण दाखवत नाहीत. मोडलेली सवय शोधा. सप्टेंबर २००५ मध्ये आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेत भारताने इराणच्या विरोधात मत दिलं, अमेरिकेबरोबरच्या अणुकराराच्या संयुक्त निवेदनाला जेमतेम दोन महिने झाले असताना. किंवा डिसेंबर १९९१: झायोनवादाला, म्हणजे ज्यूंच्या स्वतंत्र राष्ट्राच्या चळवळीला, वंशवाद ठरवणारा १९७५ चा ठराव रद्द करण्याच्या बाजूने भारताने मत दिलं. १९७५ मध्ये त्याच ठरावाला भारताचा होकार होता.

माणसं आणि पाट्या

कोण कुठे शिकायला गेलं, कुठले तज्ज्ञ इथे राहिले, कुणाचं कार्यालय कुठल्या दर्जाचं होतं. पवईची आयआयटी १९५८ ची, युनेस्कोमार्फत आलेल्या सोव्हिएत मदतीतून. त्याच काळात कानपूरला अमेरिका आणि मद्रासला पश्चिम जर्मनी. दोन्ही डगरींवर हात ठेवण्याचं याहून नीटस उदाहरण मिळणार नाही. पण पवईतून बाहेर पडलेली मुलं पुढे मोठ्या संख्येने अमेरिकेला गेली. मदत करणारा एक आणि फळ दुसऱ्याला, हे या रकान्यात नेहमी घडतं.

दर्जाच्या पाटीचं उदाहरण मुंबईचंच आहे. भारताने इस्रायलला १९५० मध्ये मान्यता दिली. १९५३ पासून त्यांची वकिलात इथे होती, पण ती कॉन्सुलेटच्या दर्जाची आणि फक्त मुंबईत. दिल्लीतला दूतावास १९९२ मध्ये. मधली एकोणचाळीस वर्षं संबंध होते आणि नव्हतेही. दूतावास, कॉन्सुलेट, व्यापार कार्यालय, सांस्कृतिक केंद्र अशी उतरंड लावा आणि पाटी वरच्या पायरीवर कधी गेली ते टिपा.

सातवा रकाना: नकार

सहा रकाने भरले की एक जादा रकाना काढा, कारण खरी कळ बहुतेक वेळा तिथे असते. देशाने आधी कुणाकडे मागितलं आणि कुणी नाही म्हटलं? बोकारोच्या पोलाद कारखान्याला अमेरिकेची मदत मिळेना म्हणून १९६३ मध्ये तो विषय मिटला आणि १९६५ मध्ये सोव्हिएत करार झाला. पाणबुड्यांचं तेच, तारापूरच्या इंधनाचं तेच. अमेरिकेने पाकिस्तानला एफ-१०४ विमानं दिल्यानंतर भारताचा मिगचा सौदा झाला. ही यादी समोर ठेवली की ‘भारत विचारसरणीमुळे सोव्हिएत गोटात गेला’ हे वाक्य लिहिताना हात अडखळतो, आणि तो अडखळावाच.

नकाराच्या नोंदी सरकारी प्रसिद्धिपत्रकात नसतात. नकार देणाऱ्याच्या घरी शोधा. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याचे प्रकाशित दस्तऐवज-खंड इंटरनेटवर खुले आहेत, १९७१ च्या पेचावरचा सबंध खंड त्यात आहे.

तारखा एका रेषेवर

आता सगळ्या नोंदी सालवार एका लांब पट्टीवर उतरवा, रकान्याला एक रंग. लगेच दोन-तीन लोकप्रिय समजुती ढासळतात. मिगचा सौदा चीनच्या युद्धामुळे झाला असं सर्रास लिहिलं जातं. सौदा ऑगस्ट १९६२ चा, युद्ध ऑक्टोबरचं. युद्धात तर नेहरूंनी १९ नोव्हेंबरला केनेडींकडे हवाई मदत मागितली. तसंच १९७१ चं: अमेरिकेचे राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार किसिंजर जुलैमध्ये गुपचूप बीजिंगला गेले, म्हणून ऑगस्टमध्ये करार झाला, हे अर्धंच खरं. कराराची बोलणी १९६९ पासून चालू होती. जुलैने फक्त सहीची घाई केली. ‘कारण’ आणि ‘निमित्त’ यांना दोन वेगळी चिन्हं द्या.

दुसऱ्या देशावर घासून बघा

एकाच देशावरून नियम काढू नका. इजिप्त घ्या: सप्टेंबर १९५५ मध्ये चेकोस्लोव्हाकियामार्फत सोव्हिएत शस्त्रं, जुलै १९७२ मध्ये हजारो सोव्हिएत सल्लागारांना नारळ, पण ऑक्टोबर १९७३ चं युद्ध सोव्हिएत शस्त्रांनीच लढलं, आणि मैत्री करार मोडला तो १९७६ मध्ये. माणसं आधी गेली, कागद नंतर, शस्त्रं सर्वांत शेवटी. फिलिपिन्समध्ये १६ सप्टेंबर १९९१ ला सिनेटने अमेरिकी तळांचा करार १२ विरुद्ध ११ मतांनी फेटाळला, १९९२ मध्ये अमेरिकी फौजा गेल्या, आणि चीनचा समुद्रातला दबाव वाढल्यावर २०१४ च्या कराराने पुन्हा दार उघडलं. पुन्हा जुन्या धन्याकडे वळण्याचं हे उदाहरण वहीत असलंच पाहिजे, नाहीतर इतिहास एकाच दिशेने चालतो असं वाटू लागतं.

माली तिसरा. फ्रेंच फौजा ऑगस्ट २०२२ मध्ये गेल्या, रशियन आल्या. चलन मात्र अजून फ्रान्सने आपल्या वसाहतींसाठी काढलेलं सीएफए फ्रँक. हाच देश १९६२ मध्ये ते चलन सोडून बाहेर पडला होता आणि १९८४ मध्ये परत आला.

लिहायला बसताना

दोन पानांपेक्षा मोठं टिपण करू नका. पहिल्या परिच्छेदात कुठला रकाना किती सरकला तेच. ‘देश अमुक गोटात गेला’ असं वाक्य लिहायचं असेल तर निदान चार रकान्यांनी साक्ष दिली पाहिजे, त्यात शस्त्रं किंवा पैसा यांपैकी एक असायलाच हवा. तीनच असतील तर ‘झुकला’ लिहा. फक्त करार आणि भाषणं असतील तर तेवढंच सांगा.

वही बंद करू नका. सिप्रीचे नवे आकडे दर मार्चमध्ये येतात, तेव्हा पाच वर्षांचा गट पुढे सरकवा. रिझर्व्ह बँकेची व्यवहाराच्या चलनाबद्दलची परिपत्रकं आली की पैशाच्या रकान्यात उतरवा. माझगावच्या धक्क्यावर पुढची पाणबुडी कुणाच्या आराखड्याची सुरू होते, त्यासाठी शस्त्रांच्या रकान्यात तीन तारखांची एक ओळ आत्ताच रिकामी सोडून ठेवा.